एकमेकींतून जाणाऱ्या तिरिपी

सकाळी दहाच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात खिडकीतून उन्हाची एक तिरीप येते. दुसरी ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यावर आपटून उलटी फिरते. फोडणीच्या धुरात दोन्ही स्पष्ट दिसतात. त्या एकमेकींना छेदून सरळ पुढे जातात, वाटेत कुणी भेटलंच नसल्यासारख्या.

आमची मुलगी परदेशात यावरच संशोधन करते. प्रकाशाचे कण एकमेकांची दखल घेत नाहीत, म्हणून त्यांच्या वाटेत अतिशय थंड केलेल्या अणूंचा ढग ठेवतात. एक कण त्या ढगात शिरला की ढग बदलतो, आणि मग दुसऱ्याला पहिल्याची चाहूल लागते. "मधे कुणीतरी लागतंच गं आई," ती फोनवर म्हणाली.

मला यात नवल वाटलं नाही. ती शाळेत होती तेव्हापासून मी तिलाच सांगायचे, "बाबांना म्हणावं, पान वाढलंय." हातभर अंतरावर बसलेले हेही तिलाच म्हणायचे, "आईला सांग, भूक नाही." भांडण कशावरून झालं होतं, ते आता धड आठवतही नाही. निरोप मात्र पोरीने वर्षानुवर्षं पोचवले.

आज पान वाढलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "बाबांना सांग गं..."

हे दारातच उभे होते. त्यांनी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि खुर्चीलाच हळूच म्हणाले, "आईला सांग, झाकून ठेव म्हणावं."