आरोपी: मयत रफिक मिस्त्री

अपघाती मृत्यूच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाला लग्नात कोणी भेटलं आणि "काय साहेब, प्रॅक्टिस कशी चालू आहे?" असं विचारलं की मोठी पंचाईत होते. "जोरात!" म्हणावं तर समोरचा दचकून आपल्या मोटारसायकलकडे बघतो. "मंदी आहे" म्हणावं तर आपण कशाची वाट बघतोय ते त्याच्या लक्षात येतं. म्हणून मी उत्तर न देता किस्सा सांगतो. इतक्या वर्षांत ते एवढे साचलेत की बाररूममध्ये चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "हं, होऊन जाऊ द्या एखादा!" आणि आमचे मुन्शी देवराव मागून म्हणतात, "ते मिस्त्रीवालं सांगा ना साहेब."

मिस्त्रीवालं म्हणजे केस एकच, पण तीन वर्षं चालली. त्यामुळे किस्से भरपूर.

*

ढाणकीचा रफिक मिस्त्री मोटारसायकली आणि शेतातले पंप दुरुस्त करायचा. एका संध्याकाळी शेतातला पंप सुरू करून परत निघाला, समोरून ट्रक आला आणि मिस्त्री जागीच गेला. आठवड्याभरानं त्याची बायको नजमा एफआयआरची कॉपी घेऊन माझ्या ऑफिसात आली.

मी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. फिर्यादी: ट्रकचा ड्रायव्हर. आरोपी: रफिक! भरधाव मोटारसायकल चालवून स्वतःच्याच मरणाला कारणीभूत झाला म्हणे.

ठाणं कोणतं ते सांगत नाही, मला तिथे अजून जावं लागतं. जमादारांना भेटलो. म्हटलं, "जमादारसाहेब, मेलेल्या माणसावर गुन्हा?"

जमादार शांतपणे म्हणाले, "मंग काय करू साहेब? जो पह्यले आला त्याची फिर्याद घ्या लागते. मिस्त्री काही आला नाही ना!"

कागदात एक रकाना होता, आरोपीस अटक केली का? त्यात लिहिलं होतं, 'नाही'. कारण, 'मयत'. 'फरार' लिहिलं नाही हे आमचं नशीब.

*

पण नजमाचं खरं दुखणं घरात होतं.

अपघाताच्या थोडं आधी तिनं नवऱ्याला फोन केला होता. पाहुणे आलेत, लवकर या, येताना दही आणा. एवढंच. हे तिचं बोलणं तिच्या सासूनं, सुगराबींनी, शेजारी बसून ऐकलं होतं. त्यात एफआयआरमध्ये 'भरधाव' आलं. झालं! म्हातारीनं घरीच निकाल देऊन टाकला. हिनं घाई केली म्हणून तो पळाला, आणि पळाला म्हणून गेला. त्या दिवसापासून सुनेशी बोलणं बंद. पोलिसांच्या कागदावर आरोपी रफिक होता, पण घरात आरोपी नजमा होती.

आता कायद्यानं बायको, दोन मुली आणि आई, सगळे अर्जदार. म्हणजे दोघी एकाच बाजूच्या! एकाच एसटीनं यायच्या आणि कोर्टाच्या व्हरांड्यात दोन वेगळ्या बाकांवर बसायच्या. मध्ये निरोप पोचवायला आमचे देवराव. सुगराबींना ते 'खाला' म्हणायचे.

"भाभी, खाला म्हन्ते, तिले सांगा पान्याची बाटली थैलीत हाये."

"त्याहिले सांगा, मले तहान नाही."

बाटली दोघींच्या मध्ये दीड हातावर! मी विमा कंपनीविरुद्ध पुष्कळ लढलो आहे, पण इतकं कडक वैर अर्जदार क्रमांक एक आणि अर्जदार क्रमांक चार यांच्यातच पाहिलं.

*

घरचा माणूस असा गेला तर कायद्यात पुढे जायच्या वाटा किती? वकिलाला विचाराल तर तीन, गावाला विचाराल तर तेरा! माझ्याकडे येईपर्यंत नजमाला सगळे सल्ले मिळून चुकले होते. एक म्हणाला, ट्रक रोखून धरा. दुसरा म्हणाला, मालकाशी आपसात करून टाका, तो माझ्या ओळखीचा आहे. तिसऱ्यानं ग्राहक कोर्ट सुचवलं. जणू मिस्त्रीनं ट्रकची धडक दुकानातून विकत घेतली होती.

मी नीट समजावलं. "हे पहा भाभी, पहिली वाट सोपी. चूक कोणाची ते सिद्धच करायचं नाही. गाडीनं माणूस गेला एवढं पुरे, ठरलेली रक्कम मिळते आणि लवकर मिळते. दुसऱ्या वाटेत ट्रकवाल्याची चूक आपण सिद्ध करायची. जास्त मिळू शकतं, पण वर्षं जातात आणि हरलो तर हात हलवत घरी. तिसरी फौजदारी. पोलीस ऐकत नसतील तर मॅजिस्ट्रेटकडे तक्रार."

तिनं एकच विचारलं. "पह्यल्या वाटेत, चुकी कोनाची ते लिवतीन का?"

"नाही."

"मंग ते राहू द्या."

देवरावांना राहवलं नाही. "अवो भाभी, पैशे लवकर भेटतीन!"

"मले लवकर नाही पायजे," नजमा म्हणाली. "त्या लवकरनंच तं माह्यावर हे आलं."

आम्ही दुसरी वाट धरली.

*

आमचा साक्षीदार एकच, बबनराव. मिस्त्रीनं ज्यांचा पंप सुरू करून दिला ते शेतकरी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभे होते आणि अपघात डोळ्यांनी पाहिला होता. मी आदल्या दिवशी पढवून ठेवलं, "मिस्त्रीची कमाई विचारतील. नीट सांगा." नुकसानभरपाई कमाईवरच ठरते.

बबनराव पिंजऱ्यात उभे राहिले. मी विचारलं, "मिस्त्री महिन्याला किती कमवायचा?"

बबनरावांनी हात जोडले. "देवमानूस होता साहेब! गरिबाकून त्यानं कधी एक रुपया घेतला नाही!"

ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! त्यांनी गोड आवाजात विचारलं, "आणि श्रीमंतांकडून?"

"आमच्याकडे श्रीमंत कोन हाये साहेब?"

एका दमात मिस्त्रीची सगळी कमाई साफ! बाहेर आल्यावर मी हात जोडले. "बबनराव, काहून असं बोलले?"

ते माझ्यावरच चिडले. "मंग काय मेलेल्या मानसाले भर कोर्टात पैशेवाला म्हनू? लोक काय म्हनतीन?"

*

पण त्याच उलटतपासणीत एक गंमत झाली. मागच्या यशानं विमावाल्या वकिलांची भीड चेपली होती. त्यांनी विचारलं, "मिस्त्रीची गाडी भरधाव होती, बरोबर?"

बबनराव पिंजऱ्यातच हसायला लागले. "भरधाव? साहेब, त्यानं साऱ्या ढाणकीच्या गाड्या नीट केल्या, सोताची कधी केली नाही. धक्का मारल्याबिगर ते चालूच होत नव्हती. त्या दिवशीबी मीच धक्का मारून देल्ला. मी मांगून पायी चाललो असतो तं त्याले गाठलं असतं! तो आपला डाव्या कडेनं चालला होता. ट्रकच अंगावर आला."

"म्हणजे गाडी नादुरुस्त होती!" वकील उसळले. "नोंद घ्यावी, साहेब!"

"नादुरुस्त नाही," बबनराव म्हणाले. "हळू!"

जजसाहेबांनी फाईल जरा तोंडाजवळ धरली.

*

मग आली नजमाच्या त्या फोनची पाळी. विमावाल्यांनी कॉल रेकॉर्ड मागवलं. तो फोन कोणत्या टॉवरवर होता, किती सेकंद चालला, यावर अख्खी सकाळ गेली. मग नजमाला पिंजऱ्यात उभं केलं.

"तुम्ही 'लवकर या' म्हणालात?"

"हो."

"दही आणायला सांगितलं?"

"हो."

"म्हणजे वाटेत थांबायचं होतं. म्हणजे उशीर होणार होता. म्हणजे त्यांनी वेग वाढवला!"

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, दह्यासाठी माणूस साधारण किती वेगानं जातो?"

सगळे हसले. हसल्या नाहीत फक्त सुगराबी. त्या मागे बसून विरुद्ध वकिलाच्या प्रत्येक मुद्द्यावर मान डोलवत होत्या. माझीच अर्जदार! नजमाला पिंजऱ्यातून ते दिसत होतं. त्या दिवशी मला म्हातारीचा खरोखर राग आला.

*

निकालाआधी लोकअदालत झाली. विमा कंपनीनं चांगला आकडा दिला, वर चहा-बिस्किटं. सगळे नजमाच्या मागे लागले. मीसुद्धा. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. साक्षीदार एकच, आणि तोही बबनराव! हरलो असतो तर दोन पोरींच्या हातात काही उरलं नसतं.

सुगराबींचा निरोपही देवरावांमार्फत आला, "तिले सांगा, घेऊन टाक म्हना."

नजमानं कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारलं, "याच्यात चुकी कोनाची ते लिवान?"

अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, तडजोडीत चूक कोणाचीच नसते."

"मंग ते मेले कसे?"

अधिकाऱ्यांनी बिस्किटाची प्लेट तिच्याकडे सरकवली. तिनं सही केली नाही.

*

निकाल लागला. आम्ही व्हरांड्यात आलो. मी पानं उलटून हवी ती ओळ शोधली आणि मोठ्यानं वाचली, "मयत हा रस्त्याच्या डाव्या कडेने सावकाश जात होता. अपघात सर्वस्वी ट्रकचालकाच्या निष्काळजीपणामुळे घडला."

देवराव उत्साहानं रकमेचं सांगायला लागले. कोणीच ऐकत नव्हतं.

सुगराबी म्हणाल्या, "वकीलसाहेब, अजून एक डाव वाचा."

मी वाचलं.

"ते सावकाशवालं."

मी तेवढंच पुन्हा वाचलं. मग देवरावांना बाजूला सारून म्हातारी नजमासमोर जाऊन उभी राहिली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलली.

"फोन पे क्या बोला था वो?"

तीन वर्षं त्या फोनचा कीस पाडला गेला होता. टॉवर, सेकंद, दही, सगळं झालं होतं. पण हा प्रश्न जमादारांनी विचारला नव्हता, विमावाल्या वकिलांनी विचारला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मीही विचारला नव्हता.

नजमानं डोळ्यांना ओढणी लावली.

"हंसके बोले, अम्मी, 'आ रहा ना आरामसे, इत्ती घाई कायकू?'"