वाघावर धरलेला नेम

शहराच्या विजयनगर भागातलं आमचं घर एवढं मोठं की हॉलमध्ये शिंकलो तर स्वयंपाकघरातून दुसऱ्या दिवशी प्रतिध्वनी येतो. बायको गेल्यापासून त्यात मराठी बोलणारा मी एकटाच. एक पाल आहे, पण तीही कन्नडच.

म्हणून रविवारी बेंगळुरूहून नातीचा फोन आला की मी तो सहजासहजी सोडत नाही. एकदा तिनं विचारलं, "ताता, 'टेक एम' म्हणजे मराठीत काय? टीचरनं मातृभाषेत अर्थ लिहायला सांगितलाय."

"नेम धरणे."

"कुणाचं नेम?"

तिच्या कानाला नेम म्हणजे नाव. कन्नडमधला 'गुरी' हा शब्द उच्चारला असता तर तिला लगेच कळलं असतं, आणि लगेच फोनही बंद झाला असता. तो शब्द मी गिळला.

"ऐक. माझे खापरपणजोबा इथल्या महाराजांच्या फौजेत शिपाई. टी. नरसीपूरला नदीपलीकडे वाघ आला. डरकाळी अशी, की एवढ्या लांब इथे आपल्या शहरात, नजरबाद भागातल्या कचेऱ्यांचा गिलावा पडला! खापरपणजोबांनी बंदूक उचलली. बंदूक केवढी? दस्ता या काठाला, नळी त्या काठाला. एक डोळा मिटला, श्वास रोखला... हे नेम धरणं."

"वाघाचं नेम काय होतं?"

"त्यानं सांगितलं नाही, पुट्टी. घाईत होता."

ती खळखळून हसली. मग म्हणाली, "मेला का वाघ?"

"नेम धरला म्हणजे गोळी सुटली असं नसतं गं. टेक एम तेवढ्यापुरतंच. गोळी झाडणं वेगळं."

एवढं मात्र अगदी खरं सांगितलं. नेम धरून माणूस कितीही वेळ उभा राहू शकतो, आणि खापरपणजोबांना जेवणवेळेपर्यंत उभं ठेवायचा माझा बेत होता. मी त्यांच्या मिशीवर डास बसवला. नदीला पूर आणला.

तेवढ्यात फोनमध्ये तिच्या मागून माझ्या मुलाचा आवाज आला, "अय्यो, गुरी इडोदु कणे! लिही अन् चल, निघायचंय."

"ओ, गुरी! कळलं. थँक्यू, ताता!"

फोन बंद.

पुढचं सगळं माझ्याजवळ तयार होतं. वाघ पुरात पोहत येणार होता, शेपटीनं वल्हं मारत. मी हॉलमध्ये तोंड उघडलंही. पण असला वाघ मारायला निदान एक तरी ऐकणारा लागतो.

शेवटी मीच त्याला म्हटलं, जा बाबा.