भावोजी साइट निवडतात

निवडण्याच्या बाबतीत आमच्या समोरच्या दारातल्या भावोजींइतका संशयी माणूस भाईंदर पश्चिमेला काय, उभ्या पृथ्वीवर झाला नसेल. नारळ घेताना ते दुकानदाराला नारळाचं गाव विचारतात. चष्म्याची फ्रेम घालून आधी दुकानातच शिंकून बघतात. नाकावर टिकली तरच घेतात. मला हसायचा हक्क नाही म्हणा. मी लग्नाला होकार दिला तो दारातल्या पॉलिश केलेल्या चपला बघून. किती टापटिपीचा मुलगा, म्हणून हुरळले बावळट! चपला दिराच्या निघाल्या.

तर असे हे भावोजी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि वेबसाइटचं काम त्यांच्याच हाती. बिल्डिंग पाडून नवी बांधायची होती, महिनाअखेर जागा खाली करायची होती, काहीजण तर काशीगावला भाड्याने गेलेही होते. पांगल्यावर कोणाचं बरंवाईट कोणाला कळणार, या घोराने सगळ्यांची झोप उडालेली, आणि भावोजी प्लॅटफॉर्म निवडतायत! एक फुकट, पण जाहिरातींनी बरबटलेला. दुसरा देखणा, पण दरमहा भाडं. तिसरा आपला आपण मांडायचा, म्हणजे चालेल की बसेल याची धाकधूक. प्रत्येकाबद्दल त्यांचा एकच प्रश्न, "उद्या सोडायचं ठरलं तर आपले फोटो, पत्ते, गप्पा उचलून नेता येतील का?" तिसऱ्यातून येत होते. त्यात सगळ्यांचे नंबर घालूनही ठेवले, तरी निर्णय नाही. खालच्या मजल्यावरची गुजराती सून वैतागली, "अंकल, वेबसाइट बनानी है, लडकी नहीं देखनी!"

"लडकी देखने में इतना रिस्क नहीं होता, बेटा."

रविवारी मीटिंग होती. आदल्या सकाळी त्या तिसऱ्या साइटवरून माझ्या फोनवर निरोप आला: 'आपल्या सेक्रेटरींचं आज पहाटे दुःखद निधन.' तशीच समोरच्या दारावर धडकले. दार साक्षात मयतानेच उघडलं, हातात कंगवा. "अरे वा, वहिनी, तुम्हाला पोचलं!"

"मेल्या!" एवढ्या वर्षांत भावोजींना पहिल्यांदाच असं म्हटलं, आणि तेही किती बरोबर. तोवर जिना भरला. सून कणकेच्या हातांनी, काशीगावकर रिक्षाने, एकजण तर हार घेऊन. सगळे एकदम तुटून पडले. ट्रायलच घ्यायची तर पाण्याच्या टाकीची सूचना टाकायची होती!

"ती कोणी वाचली असती?" भावोजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, हळूच, "एकट्या माणसाचं कळायला उशीर होतो, वहिनी."

दुसऱ्या दिवशी तिसरा प्लॅटफॉर्म चर्चेविना मंजूर झाला. हार फुकट जाऊ नये म्हणून कॉम्प्युटरला घातला.

आता बिल्डिंग नाही. भावोजी काशीगावला, मी इथेच दोन गल्ल्या सोडून भाड्याने. रोज सकाळी ते साइटवर लिहितात, 'आमच्याकडे पाणी आलं. तुमच्याकडे?' आणि आम्ही सगळे उत्तरं देत बसतो. परवा लिहिलं, 'मोटर बिघडली. पाणी नाही, चहा नाही.' सवयीने मी लिहून गेले, 'या इकडे.' मग लक्षात आलं, समोरचं दार आता केवढं लांब गेलंय. तरी आधण ठेवलं. चहा दोनदा गरम करावा लागला, पण आले.