वहिनी स्वप्नं धरायला शिकल्या

कालव्याच्या कडेने आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंतचं निम्म्याहून जास्त अंतर चालून आलो होतो. पंपघर मागे पडलं होतं आणि मी माझ्या गुडघ्याचं रडगाणं सांगत होते. एवढ्यात वहिनी रस्त्याच्या मधोमध थांबल्या. डोळे मिटले आणि एक हात माझ्या तोंडासमोर आडवा धरला.

"ताई, बोलू नका. एक मिनिट."

सकाळचे आठ वाजले असतील. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. वहिनी हलायला तयार नाहीत. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. सायकलवाला जाता जाता ओरडला, "मावशी, झोप घरी काढा की!"

वहिनींनी डोळे उघडले. "गेलं," म्हणाल्या. "स्वप्नाचं शेपूट हातात आलं होतं. जिना होता, आणि कुणीतरी होतं. गेलं."

"जाऊ द्या हो. परत येईल."

"तुमचं बरं आहे. तुम्हाला पडतात."

मी पुढे चालायला लागले. बोलायला तोंड नव्हतं, ते कसं ते सांगतेच.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. एकतीस वर्षं कापडगिरणीत तपासणी खात्यात आहेत. खालून दिवा लावलेलं काचेचं तिरपं टेबल, त्यावरून कापड सरकत असतं, आणि समोर वहिनी उभ्या. तुटका धागा, गाठ, तेलाचा ठिपका, विणीतली फट, जे दिसेल त्यावर खडूची खूण करायची, काठाला लाल दोरा बांधायचा, की पुढे. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "इतकं कापड डोळ्याखालून जातं, त्यातलं सगळ्यात आवडलं कुठलं?" त्या हसल्या. "मी कापड कुठे बघते? कापड बघत बसले तर दोष निसटेल. चांगलं असतं ते नुसतं समोरून जातं."

गिरणीत त्यांना 'दुर्बीण' म्हणतात. हे नाव शेजारच्या टेबलावरच्या रफूवालीने ठेवलं. वहिनी ज्यावर खूण करतात ते ती बाई सुईने सांधते, म्हणून तिला बोलायचा हक्कच आहे. "दुर्बिणे, जरा आंधळी हो की गं एखाद्या दिवशी," ती म्हणते. "माझ्या बोटांना सुट्टी मिळेल."

घरातही त्यांची नजर तशीच. लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईला हळूच म्हणाल्या, "पडद्यावरची फुलं उलटी आहेत, शिवताना कापड खालीवर झालंय." तो पडदा नऊ वर्षं खिडकीला होता आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आई दोन दिवस घुश्शात. दादा मात्र ठसका लागेपर्यंत हसला. मला म्हणाला, "आता आपली धडगत नाही."

दादा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होता. आठ महिन्यांपूर्वी भरदुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. वहिनींना टेबलावरून बोलावून नेलं तेव्हा त्यांच्या बोटांना खडू होता.

त्यानंतर मी महिनाभर त्यांच्याकडे राहिले. वहिनी रडत नव्हत्या, पण जेवतही नव्हत्या. ताट समोर घेऊन बसायच्या आणि तसंच उचलून ठेवायच्या. एका सकाळी माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "वहिनी, पहाटे दादा स्वप्नात आला होता. चेहरा चांगला टवटवीत होता. म्हणाला, मी बरा आहे, तिला जेव म्हणावं."

वहिनींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग जेवल्या.

दादा आला नव्हता. त्या रात्री मी दगडासारखी झोपले होते. मी रोज सकाळी देवापुढे दहा मिनिटं बसते. त्या दिवशी बसले, पण नजर वर करवेना. तरी रिकामं ताट आठवून मनाशी म्हटलं, देव समजून घेईल. आणि एकदा जमलं म्हटल्यावर जीभ सैल सुटली. वहिनी उदास दिसल्या की दर आठपंधरा दिवसांनी माझ्या स्वप्नात दादा यायला लागला. कधी हसायचा, कधी घराची चौकशी करायचा, एकदा तर 'मी रागावलो नाही' असंही म्हणाला.

मला वाटत होतं, मी फुंकर घालते आहे. एक दिवस वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे येतात. माझ्याकडे का येत नाहीत?"

"तुम्हाला स्वप्नंच पडत नाहीत, तुम्हीच म्हणता ना."

"पडत नाहीत की राहत नाहीत? कोण सांगणार? समजा ते रोज येत असतील. काही विचारत असतील, आणि मी सकाळी उठून सगळं पुसून टाकत असेन. दारापर्यंत येऊन परत जात असतील हो ते."

मला तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पुढच्याच रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत अर्ध्या पानाचा लेख आला, स्वप्नं लक्षात कशी ठेवावीत यावर. वहिनींनी तो कापून उशीखाली ठेवला. झोपताना मनाशी तीनदा म्हणायचं, मला आठवेल. जाग आली की हलायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही, डोळे मिटूनच मागे मागे जायचं. आठवेल ते लगेच लिहायचं, एक शब्द आठवला तर एक शब्द.

वाचायला सोपं होतं. वहिनींची पाळी सातची आणि घड्याळाचा गजर असा कर्कश की शेजारचं कुत्रंही उठावं. गजर झाला की स्वप्न फुर्र. मग त्यांनी गजर बंद केला आणि झोपताना दोन पेले पाणी प्यायला लागल्या, म्हणजे आपोआप जाग येईल. जाग यायची, पण तशी धावपळ करत उठल्यावर कसलं स्वप्न आणि कसलं काय! दोनदा गिरणीत उशीर झाला. एकदा डोळे न उघडता लिहिलं, तर चार ओळी एकीवर एक पडल्या. ते पान त्यांनी रफूवालीला दाखवलं. ती म्हणाली, "हे माझ्याच्यानेही नाही सुटायचं बाई. हा गुंता आहे."

पण ज्या बाईने एकतीस वर्षं सरकत्या कापडावर डोळा ठेवलाय ती हार मानते थोडीच! दीड महिन्यात त्यांना जमायला लागलं. आधी एखादा शब्द, मग दोन, मग अर्धी ओळ. मला वाटलं, चला, मार्गी लागल्या.

झालं उलटंच. जसजशी वही भरत गेली, तसतशा वहिनी वाळत गेल्या. झोपायला घाबरायच्या आणि जागं राहायलाही. मागच्या आठवड्यात तर नवलच झालं. हातभर लांबीची तेलाची रेघ त्यांच्या टेबलावरून तशीच पुढे गेली. पकडली कुणी, तर रफूवालीने. तिने कुणाला कळू दिलं नाही, पण मला फोन करून म्हणाली, "ताई, तुमच्या वहिनीला सांभाळा. एकतीस वर्षांत असं कधी झालं नाही."

म्हणूनच त्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना चालायला बाहेर काढलं होतं. कालव्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर आम्ही बसलो, आणि वहिनींनी पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"वाचा. माझ्या डोक्यात काय भरलंय ते कळेल तुम्हाला. मला भीती वाटते, ताई. ते रागावलेत, म्हणून येत नाहीत. आणि त्यांच्या जागी हे सगळं येतं."

मी मोठ्याने वाचायला लागले. 'जिन्याची एक पायरी कमी.' 'खिडकीची काच तडकलेली.' 'बाही उसवलेली.' 'पाणी गढूळ.' 'दिवा सारखा फडफडतोय.' 'बाही उसवलेली.' 'घड्याळाला काटा नाही.' 'बाही उसवलेली, डावी.' पानामागून पान हेच. कुणीही म्हणेल, ही बाई कुठल्यातरी पडक्या, भयाण घरात रोज रात्री फिरतेय.

तीनचार पानं झाल्यावर मला काहीतरी खटकलं. मी वही मिटली.

"वहिनी, पायरी कमी असलेला जिना कुठला होता?"

"आपलाच. जुन्या घराचा."

"तिथे आणखी काय होतं?"

"काय असणार? ऊन होतं. खाली तुमची आई होती वाटतं, काहीतरी निवडत बसलेली. मी वरून येत होते."

"मग हे का नाही लिहिलं?"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्यात काय लिहायचं? ते ठीकच होतं."

"अहो वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही स्वप्न लिहिलंच नाही. तपासून दिलंय. सगळ्या खुणाच आहेत या. कापड कुठे आहे?"

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि पानं उलटायला लागल्या. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांचे ओठ हलत होते. मध्येच म्हणाल्या, "पाणी गढूळ, पण मी पोहत होते. मला पोहता येत नाही, तरी." आणि किंचित हसल्या. मग बोट थांबलं. हसू गेलं.

मी हळूच विचारलं, "बाही कुणाची?"

त्यांनी वही मिटली. मग खाली बघत म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी ते निघाले होते. मला डावी बाही खांद्याशी उसवलेली दिसली. म्हटलं, काढा, चार टाके घालते, लोक काय म्हणतील. त्यांना उशीर झाला होता. चिडले. म्हणाले, तुला माझ्यात दुसरं काही दिसतच नाही का गं? आणि गेले. ताई, मी मागून काही बोललेसुद्धा नाही. दुपारी..."

पुढचं मला माहीत होतं. हे मात्र माहीत नव्हतं. आठ महिन्यांत याबद्दल एका शब्दाने त्या बोलल्या नव्हत्या.

"म्हणजे दादा येतो," मी म्हटलं. "येतोय की! किती वेळा आलाय, वहीत आहे."

"बाही येते."

"बाहीच्या आत हात असेल ना? चेहरा कसा होता?"

"नाही माहीत." त्यांनी डोळे मिटले, अगदी मघाशी रस्त्यात मिटले तसे. "स्वयंपाकघरात पाठमोरे बसलेले असतात. उजेड असतो. मला बाही दिसते, मी तिथेच बघत राहते, आणि जाग येते. वर बघितलं असतं तर... वर बघायचं राहूनच जातं, ताई." डोळे उघडून त्यांनी एकदम विचारलं, "तुमच्याकडे येतात तेव्हा त्यांच्या अंगात कुठला शर्ट असतो?"

तो प्रश्न त्यांनी साधाच विचारला होता. त्यात संशय नव्हता, नुसती आस होती. मी निळा म्हणाले असते तर निळा मानला असता त्यांनी. मी मनात देवाचं नाव घेतलं. या वेळी मात्र खोटं बोलायला नको, एवढंच मागितलं.

"वहिनी, तो माझ्याकडे आलाच नाही. एकदाही नाही. तुम्ही जेवावं म्हणून मी सांगत होते."

मला वाटलं, उठून निघून जातील. निदान चार शब्द सुनावतील, आणि मी ऐकून घेतले असते. त्यांनी वही पिशवीत घातली, उठल्या आणि चालायला लागल्या. मी मागे. गुडघा ठणकत होता, पण 'थांबा' म्हणायची हिंमत नव्हती. पाण्याच्या टाकीपर्यंत आम्ही तशाच गेलो, त्या चार पावलं पुढे, मी चार पावलं मागे. आता या बाईचा माझ्यावरही विश्वास उरला नाही, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

टाकीपाशी त्या थांबल्या आणि मला येऊ दिलं.

"'रागावलो नाही' असंही म्हणाले होते ते तुमच्या स्वप्नात, एकदा," त्या म्हणाल्या.

"हो. तेही मीच."

"म्हणजे रागावलेले असतील तर अजून असतील."

"मला नाही माहीत, वहिनी."

त्यांनी मान हलवली. चेहरा पांढरा पडला होता, पण माझ्यावर त्यांचा राग दिसला नाही. एखादा तागा टेबलावर पुन्हा पहिल्यापासून घ्यावा तशा त्या मनातल्या मनात काहीतरी मागे नेऊन बघत होत्या.

"लिहायला बसले की माझा हात पुन्हा खूणच करणार," त्या सावकाश म्हणाल्या. "एकतीस वर्षांची सवय आहे, ती काय आज सुटणार? तेव्हा एक करा माझ्यासाठी. उद्या जाग आली की मी डोळे न उघडता तुम्हाला फोन लावते. तुम्ही उचला, पण हॅलोसुद्धा म्हणू नका. मी बोलेन ते सगळं लिहून घ्या, ऊन, भांडी, भिंती, जे असेल ते. आणि ते वळून बघतील तेव्हा चेहऱ्यावर राग असेल, तर ताई, तोही लिहा. तुमच्या मनाने तिथे एक टाकासुद्धा घालू नका."