मेंढरं कुणाची

बीडहून लिंबागणेशला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ती काठी तिनं कंडक्टरलाही बाजूला ठेवू दिली नाही. माझ्या पेपराकडं हनुवटी करून म्हणाली, "आमच्या संघटनेचं काय आलंय, वाचा की."

मी वाचलं. मेंढपाळांच्या संघटनेला परदेशातल्या जागतिक परिषदेत बोलायचा मान मिळाला होता. आता आपल्याच सरकारनं तिथं हरकत घेतली होती: ही संघटना मेंढपाळांची नाहीच, तिची मान्यता काढून घ्या. वाचता वाचता माझंच डोकं तापलं.

ती मात्र हसली. "दोन कळप मिसळले तर आमी भांडत न्हाई, भाऊ. दोघं दोन बाजूला जातो आन् हाक मारतो. ज्याची मेंढरं, त्याच्याकडं येतेत. सरकारला म्हणावं, तू बी मार हाक. बघू कोण येतंय."

फाट्यावर ती उतरली. तोंडाशी हात धरून तिनं लांबलचक हाक दिली. माळावरची सगळी मेंढरं माना उचलून तिच्याकडं धावली.

बस सुटली. तिच्या रिकाम्या जागेवर येऊन बसलेल्या माणसाला, काही ओळख नसताना, मी छाती फुगवून सांगितलं, "आमची हाय ती बाई."