पोस्त न मिळालेलं सोंग

रावजीभावजी कोण, असं विचाराल तर पोलादपूरहून महाडकडे जाताना रस्त्याकडेच्या भिंती बघा. हात धुवा, मुलगी शिकवा, शौचालय बांधा, पाणी साचू देऊ नका, सगळं त्यांच्या हातचं. सरकारनं बोलायचं आणि भावजींनी भिंतीवर लिहायचं, असं त्यांचं सारं आयुष्य गेलं. फ्लेक्स आले तेव्हा बाकीचे पेंटर रिक्षा चालवायला लागले. पण आमच्या पावसात फ्लेक्स फाटतो, भिंतीवरचा रंग राहतो, म्हणून हे टिकले. रंग माझ्या दुकानातून न्यायचे. आमचे हे गेल्यापासून बाजारातलं दुकान मीच चालवते. माझ्या तोंडाला गिऱ्हाईक घाबरतं, पण भावजी गुपचूप बसून चहा पिऊन जायचे.

त्यांची एक खोड होती. वाईट रंगवणं त्यांना जमायचंच नाही. दवाखान्याच्या भिंतीवर डास काढला तर बायका पदर झटकायच्या. मी म्हणायची, "भावजी, सरकारी काम हाय, एवढा जीव कशाला ओतता?" ते म्हणायचे, "वयनी, भिंत काय सरकारची नसती. भिंत गावाची हाय."

त्यांची खडपवाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. तळीये गावावर डोंगर कोसळला त्याच पावसात खडपवाडीच्या माथ्यावर भेग पडली. बैलाचा पाय आत जाईल एवढी. साहेब आले, भेगेवर चुना मारला, आणि म्हणाले, वाडी धोक्यात आहे, खाली सपाटीवर घरं बांधून देऊ. जेसीबीनं जागा सपाट झाली आणि तिथं बोर्ड लागला, 'खडपवाडी पुनर्वसन. आपले घर, सुरक्षित घर.' बोर्ड अर्थात भावजींनीच रंगवला. पुढं काही नाही. दर पावसात रेडिओवर इशारा आला की वाडी बोचकी घेऊन खालच्या शाळेत राहायला जायची आणि उघडीप झाली की परत भेगेखाली. भावजींची बायको रखमा पावसाळाभर उशाशी बोचकं ठेवूनच झोपायची. झोपायची म्हणजे पडायची.

बोर्डाचा रंग उडाला तसा कचेरीतून भावजींना निरोप आला की बोर्ड पुन्हा रंगवा. घरं नाहीत, पण बोर्ड ताजा हवा. त्या दिवशी दुकानात आले ते चहाला थांबलेच नाहीत, निळ्या रंगाचे डबे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी वाडीच्या देवळामागच्या भिंतीवर तोच सरकारी निळा, तीच किनार, तेच हात जोडलेलं हसरं कुटुंब, आणि वर मोठ्या अक्षरात, 'डोंगर आपल्या दारी.' खाली बारीक अक्षरात, 'सर्वेक्षण सुरू आहे, तोवर हळू चाला.'

दुकानात हे कळलं तेव्हा मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले.

मग ते लोण पसरलं. त्यांची पुतणी रूपाली महाडला कॉलेजात, तिनं फोटो मोबाईलवर टाकला. दासगावच्या पोरांनी बोलावलं, तिथं पुराच्या खुणेखाली भावजींनी लिहिलं, 'प्रत्येक घरी होडी, होडीतच घर.' तुडीलला लिहिलं, 'नळ आला अंगणी. पाणी आल्यास कळवावे.' दरवेळी अक्षर सरकारी, नमस्कार सरकारी, हसूसुद्धा सरकारी. लोक लांबून येऊन भिंतींसमोर फोटो काढायचे. उरलेसुरले डबे मी फुकट द्यायला लागले, आणि मी फुकट काही देते हीच बाजारात बातमी झाली. सगळ्यांना मजा वाटत होती. भावजी मात्र कधी हसले नाहीत. ते म्हणायचे, "एवढं जग हसतंय, तर लाजंखातर तरी बांधतील. रखमाला एक पावसाळा नीट झोप मिळाली की मी बरश ठेवला, वयनी."

मला तेव्हा ते खरं वाटलं. लाज ही सगळ्यांना असते असं आपण धरून चालतो.

शिमग्याला मुंबईची माणसं आली आणि वाडीनं सोंग ठरवलं. आमच्याकडचं सोंग तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. शिमग्यात कोणी वाघ होतो, कोणी म्हातारी, कोणी फौजदार, आणि दारोदार फिरतात. समोरच्यानं पोस्त, म्हणजे खुशीनं हातावर काहीतरी ठेवेपर्यंत सोंगानं सोंग सोडायचं नसतं. सख्खा भाऊ समोर आला तरी ओळख द्यायची नाही. ज्यानं मध्येच तोंड उघडून 'मी अमका' म्हटलं, त्याचं नाव वर्षभर खराब.

यंदाचं सोंग होतं घरांच्या ताब्याचं. सपाट केलेल्या जागेवर बांबू रोवले, त्यावर जुन्या फ्लेक्सच्या पाठी ताणल्या आणि भावजींनी त्यावर घरं काढली. नुसते दर्शनी भाग. पण काय घरं! पत्र्याखाली सावली, भिंतीला ओल, दाराला कडी, कडीला तेलाचा डाग. पुतण्या भरत मंत्री झाला, फीत कापली. रखमानं ठेवणीतलं लुगडं नेसून पुठ्ठ्याची चावी हातात घेतली. मी स्वतः तिथं होते. इतकी हसलेली ती बाई मी कधी पाहिली नव्हती.

ऐन भरात रस्त्यावर कचेरीची जीप थांबली. नवे साहेब, घाटावरचे. खाली उतरलेच नाहीत. काच खाली करून मोबाईल पुढं धरला आणि विचारलं, "बाई, घर मिळालं का?"

ढोल थांबले. सगळ्यांच्या नजरा रखमाकडे. पोस्त मिळालेलं नव्हतं. रखमानं चावी कपाळाला लावली आणि ठसक्यात म्हणाली, "व्हय साहेब, मिळालं. लय समाधान हाय. आता डोंगराचं भ्या नाय." पोरांनी शिट्ट्या मारल्या. भरत हात पसरून जीपकडे धावला, "साहेब, पोस्त द्या, पोस्त!" साहेब काच वर करून निघून गेले. दहा पावलं चालून दाराला हात लावला असता तर कापड हलताना दिसलं असतं. पण तेवढं कोण चालतं?

वैशाखात भावजी आणि रखमा कचेरीत विचारायला गेले की यंदा तरी पावसाआधी काम निघेल का. साहेबांनी मोबाईल काढून तिचाच व्हिडिओ तिला दाखवला. वर अहवालात नोंद झाली होती, लाभार्थी समाधानी, काम पूर्ण.

"साहेब, ते सोंग व्हतं," रखमा म्हणाली.

"शासनाशी सोंग? मग गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, आजी."

भावजींनी घरं रंगवलेली आहेत म्हणून परोपरीनं सांगितलं. साहेबांना त्यातलं एवढंच कळलं की माणूस पेंटर आहे. मग त्यांनी काम दिलं. एसटी स्टँडसमोर, माझ्या दुकानातून दिसणाऱ्या भिंतीवर हीच यशोगाथा काढायची, रखमाचा चेहरा, चावी, मागं घर.

भावजी माझ्याकडे रंग न्यायला आले तेव्हा मी फाडफाड बोलले. "लाज नाय वाटत तुम्हांला? नाय म्हनून सांगायचं!" ते खाली बघत म्हणाले, "वयनी, मी नाय काढलं तर दुसरा काढंल, आनि लोकांना ते खरं वाटंल. माझा हात समदे वळखतात. माझ्या हातचं बघून हसतील, हसले तर विचारतील."

पटलं मला. रंग दिला.

त्यांनी ती भिंत आयुष्यातली सगळ्यात सुंदर भिंत केली. कुठं एक टोमणा घातला नाही, दिलेलाच मजकूर लिहिला. आणि लोक हसले, अगदी भावजी म्हणाले तसेच. पोरं रांगेनं उभी राहून फोटो काढायला लागली. "रावजीकाका, सगळ्यात भारी हेच!" एवढं म्हणून माणसं आपापल्या गाडीत चढायची. विचारलं कोणीच नाही. फोटो एवढे पसरले की कचेरीही खूश झाली. मला इतका संताप आला की एका कॉलेजातल्या पोराला मी दुकानाबाहेर काढलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "काकू, सपोर्टच करतोय ना आम्ही."

आषाढात धार लागली. इशारा आला तशी वाडी बोचकी घेऊन शाळेवर गेली, तर दाराला कुलूप. यंदा शाळा उघडायचा हुकूमच नव्हता. घरं मिळालेल्यांना शाळा कशाला? बरीचशी माणसं पावसात परत वर गेली. सपाटीवरची कापडी घरं तोवर फाटून चिखलात गेली होती.

भावजी आणि रखमा भिजत माझ्याकडे आले. माझ्या माडीवर जागा कसली, रंगाचे डबेच. त्यातून दोन माणसांपुरती काढली. सकाळी पाऊस जरा थांबला तेव्हा चहा घेऊन खाली आले, तर रखमा समोर त्या भिंतीपाशी उभी. बोचकं काखेत. मागं तिचाच हसरा चेहरा, हातात चावी, पलीकडे घर. पावसानं एक रेघ गेली नव्हती. माझ्याकडचा रंग जात नाही, हे मी गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगते.

भावजी छत्री घेऊन तिच्याजवळ गेले. तिनं भिंतीवरच्या दाराला तळहात लावला आणि म्हणाली, "एवढं समदं काढलंव, दार तरी उघडं काढायचं व्हतं."

भावजींनी तिच्या काखेतलं बोचकं आपल्याकडे घेतलं. मग म्हणाले, "उघडं काढलं असतं, तर आत काय काढू, गो?"