बंद घरांचा आकडा

रविवारची दुपार. जेवणानंतर वैजयंती जरा आडवी होते. उशाशी फाइल आहे. डोंगरपाड्यांतली कुपोषित मुलं निम्म्यावर आली, असं मंत्र्यांनी सभागृहात ठणकावून सांगितलंय. त्या आकड्याखाली सांख्यिकी अधिकारी म्हणून उद्या तिची सही हवी आहे. डोळे जडावतात. पंख्याची घरघर लांब जाते आणि खोलीतूनच एक पायवाट सुरू होते.

पुढे अण्णा चालले आहेत. जाऊन चार महिने झाले, तरी तिच्या वडिलांची चाल तीच, तुरतुरीत. तेही याच खात्यात होते. जन्मभर पाड्यापाड्यांवर फिरून मुलांची वजनं टिपली. ती मागून विचारते, दम लागत नाही का. ते म्हणतात, आता कसला दम.

पायवाट तिच्या कचेरीचा जिना चढते. वर टेबलं नाहीत. ओळीनं कुडाची घरं, सगळ्यांना कुलपं. माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर गेलेली. अण्णा पहिलं दार वाजवतात. त्यांचा नियम तिला पाठ आहे: बंद घरी तीनदा जायचं आणि तरी कुणी भेटलं नाही तर ‘बंद’ लिहायचं, शून्य नाही.

ती सांगते, यंदा अशी तीनशे बारा घरं होती. वरून फोन आला, तिथं कुपोषित मूल नाही असं धरा. कागदावर हे कुठंच नाही.

आयुष्यात तिच्यावर आवाज न चढवलेला माणूस वळून बघतो.

“आणि तू धरलंस?”

“सही केलेली नाही अजून, अण्णा.”

“मंत्र्यांना म्हणावं, कुलूप ठेवा काट्यावर. किती किलो भरतंय बघू.”

तिला हसू येतं, आणि पाठोपाठ संताप. ज्या पोरांना कुणी काट्यावर उभंच केलं नाही, त्यांच्या तब्येतीवर सभागृहात बाकं वाजली.

“पुढचं दार तू वाजव,” अण्णा म्हणतात. “माझ्या हाताचा आवाज येत नाही आता.”

ती वाजवते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून कुणीतरी लहानसं खोकतं. ती अण्णांना सांगायला वळते, तर मागे पायवाटही नाही.

जाग येते तेव्हा तिची उजवी मूठ पलंगालगतच्या भिंतीवर टेकलेली आहे. बोटांचे सांधे लाल झालेत, एकावरची कातडी सोलवटली आहे. ती फाइल ओढते. सहीच्या जागी लिहिते: तीनशे बारा घरं बंद होती. तिथल्या मुलांचं वजन झालेलं नाही. त्यांना शून्य धरून हा आकडा काढला आहे.

कागदाच्या कडेला रक्ताचा बारीक ठिपका उमटतो. ती तो पुसत नाही.